इंग्रजीत खोटं बोलायचं नव्हतं

आक्का,

तुझ्या पोरींच्या वह्या मी अजून शाळेत परत दिलेल्या नाहीत. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. बेळगावातली तुझी वडगावची खोली रिकामी करून सामान मोटारीनं निपाणीला आणलं. भांडी आव्वानं आत लावली, लुगडी शेजारच्या बायकांना देऊन टाकली. वह्यांचा गठ्ठा मात्र माझ्या खोलीत आहे. रोज एक वही उघडतो. एकीनं लिहिलंय, 'आय कॅन स्विम.' त्याच्यापुढं तुझ्या लाल शाईत, 'कुठं? मी बघायला येते.' वाचून हसू येतं, आणि मग पुढं वाचवत नाही.

भेटायला येणारे म्हणतात, बाई सुटल्या. कुणी म्हणतं, शेवटपर्यंत शाळेचं काम करत होत्या, भाग्य लागतं. मी मान हलवतो. मला तुला एक सांगायचं राहिलं आहे, आणि ते सांगण्याआधी मी इकडचं तिकडचं लिहीत बसणार हे तुला ठाऊकच आहे. माझ्या प्रत्येक निबंधाची पहिली दोन वाक्यं तू न वाचताच खोडायचीस.

तू मला इंग्रजी शिकवायला घेतलंस तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि तंबाखूच्या वखारीत नुकता चिकटलो होतो. मालकांना मुंबईकडं इंग्रजी पत्रं धाडायची असत आणि माझं इंग्रजी म्हणजे आनंद. तू सुट्टीला बेळगावहून आलीस, माझं एक पत्र वाचलंस आणि कपाळाला हात लावलास. पत्रात नऊ वाक्यं होती आणि नऊही वाक्यांत 'वुई कॅन' होतं. माल वेळेत पाठवू शकतो, वाळलेला पाठवू शकतो, पाऊस असला तरी पाठवू शकतो. "नेमू, तुमच्या मालकास्नी काय जमत न्हाय असं जगात हाय का रं?" म्हणालीस. मी म्हणालो, मालकांनीच तसं लिहायला सांगितलंय, गिऱ्हाइकाला न्हाय म्हणायचं नसतं.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते मिटलं नाही. तू म्हणायचीस, इंग्रजीतले हे बारके शब्द आपल्या पोरांना अवघड जातात ते शब्द अवघड आहेत म्हणून नव्हे. कॅन आणि कुड, मे आणि माइट, हार्डली, बेअरली, नॉट क्वाइट, हे सगळे शब्द माणसाला एकच प्रश्न विचारतात, की तुला खरंच किती जमतं? आणि आपल्याकडं तो प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. मला राग यायचा. मी म्हणायचो, आपल्याकडं काय कमी आहे? येतं, जमतं, झेपतं, होतं, पेलतं. जेमतेम आहे, कसंबसं आहे, कानडीत घरच्या घरी 'आगंगिल्ला', होणार नाही, आहे. तू शांतपणे म्हणालीस, "शब्द लई हाईत रं. वापरतंय कोण? दारात आलेल्या माणसाला तू कवा आगंगिल्ला म्हटलाईस? बघू म्हणतोस. कानडी माणूस आला तर नोडोण म्हणतोस." ते खरं होतं. पण मला तेव्हाही वाटायचं आणि परवापरवापर्यंत वाटत होतं, की 'बघू' ही आपल्या माणसांची माया आहे. समोरच्याचा चेहरा पडू नये म्हणून आपण ते म्हणतो.

तुझी शिकवायची तऱ्हा मी नंतर कुठल्याच मास्तरात पाहिली नाही. वाक्य लिहिलं की ते करून दाखवायचं. मी ऐटीत लिहिलं, 'आय कॅन लिफ्ट दिस सॅक.' तू पदर खोचलास आणि मला वखारीत घेऊन गेलीस. हमाल बघत उभे राहिले. पोतं गुडघ्यापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. तू कागद पुढं केलास. मी घाम पुसत 'कॅन'च्या पुढं 'हार्डली' घातलं. "हां. आता हे वाक्य खरं झालं," म्हणालीस, आणि हमालांपैकी एकजण म्हणाला, "बाई, ह्यो शबुद आमाला बी शिकवा, मालकाला सांगायला कामाला यील." तू त्याला खरंच शिकवलास. पुढं कितीतरी दिवस तो पोतं उचलताना मालकांकडं बघून हार्डली, हार्डली असं ओरडायचा.

माझी पत्रं सुधारली. मालक आधी म्हणाले, ही बाई माझा धंदा बसवणार. मग मुंबईवाल्यांनीच कळवलं, की निपाणीत एकच वखार अशी आहे जिच्या पत्रावर विसंबता येतं. आज मी जे चार घास खातो ते तुझ्या त्या बारक्या शब्दांचे आहेत. हे तुला एकदाही बोललो नाही. बोललो असतो तर तू विचारलं असतंस, चार घास, का पोटभर?

वडगावात मी आलो की तुझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. चहूकडच्या घरांतून हातमागांचा आवाज, आणि त्यात विणकरांच्या पोरी तुझ्याभोवती मोठ्यानं वाक्यं म्हणत. त्यातली सुंदरा आठवते. तिनं मान खाली घालून म्हटलं होतं, "बाई, आय कॅन हार्डली रीड." बाकीच्या हसल्या. तू हसणाऱ्या पोरींना उभं केलंस आणि सुंदराला जवळ बसवलंस. म्हणालीस, आज वर्गात हिनं एकटीनं खरं सांगितलं, आता हिला शिकवता येईल. जिला सगळंच येतंय तिला मी काय शिकवणार? त्या सुंदरानं तुझ्या शेवटच्या दिवसांत तुझे पाय चेपले. तुला ते कळलं नाही.

आता आप्पांचं.

आप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा बघायला येणारा प्रत्येकजण म्हणत होता, आता चेहरा बरा दिसतोय, पुढल्या महिन्यात शेतावर जाशीला. आव्वानं तर सगळ्यांना ताकीदच दिली होती, आजारी माणसाम्होरं वंगाळ बोलायचं न्हाय. आप्पांनी विश्वास ठेवला. मरायच्या आदल्या दिवशी ते बैलांना नवी वेसण घालायची बात करत होते. धाकट्या काकांशी त्यांचा बारा वर्षांचा अबोला, तो तसाच राहिला. क्षमा मागायची राहिली, द्यायची राहिली. तू तिसऱ्या दिवशी मला मागच्या दारी बोलावून घेतलंस. रडत नव्हतीस. संतापली होतीस.

म्हणालीस, "नेमू, चिकोडीची आत्या कशी गेली आठवतंय न्हवं?" आठवत होतं. आत्याला वैद्यानं स्पष्ट सांगितलं होतं. तिनं बस्तीतल्या, जैन देवळातल्या, उपाध्यांना बोलावलं, हात जोडून स्वतः अन्नपाणी सोडायचं समाधीचं व्रत मागितलं, सुनांपासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांची क्षमा मागितली, एकेक गोष्ट मनातून सोडली आणि णमोकार मंत्र म्हणत जागेपणी गेली. गाव लोटलं होतं, पण घरात रडणं नव्हतं. तू तेव्हा लहान होतीस आणि तिच्या उशाशी बसली होतीस. सोळाव्या वर्षी तुझं कुंकू गेलं, तेव्हा लोकांनी तुझ्यासाठी सगळं ठरवलं, काय नेसायचं, कुठं बसायचं. मागच्या दारी उभी राहून तू म्हणालीस, "जगायचं माझ्या हातात न्हवतं. जायचं तरी माझं मला जाऊ दे. माझी येळ आली की मला सांगायचं. आव्वा सांगणार न्हाय. तू सांगायचं."

मी म्हणालो, सांगीन. तू म्हणालीस, "मराठीत सांगू नको, गोड करशील. इंग्रजीत सांग. डॉक्टर जे बोलंल ते शब्दाला शब्द."

तेव्हापासून आपल्या दोघांचा तो करारच झाला. घरात जे सगळ्यांसमोर बोलायचं ते मराठीत, कानडीत. जे खरं ते इंग्रजीत. माझं लग्न मोडलं तेव्हा तू मला इंग्रजीत लिहिलंस, की चूक माझीच होती. लढाई सुरू झाल्यावर तुझ्या शाळेतल्या दोघी मास्तरणी सोडून गेल्या आणि तुझ्यावर तीन वर्ग आले, तेव्हा तू लिहिलंस, 'आय कॅन बेअरली स्टँड बाय फोर ओ'क्लॉक.' मी ते वाचून दुसऱ्याच दिवशी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या त्या रडक्या मोटारीत बसून आलो. काकतीच्या अलीकडं मोटार बंद पडली, तिथून चालत आलो. कारण मला माहीत होतं, की तू बेअरली लिहिलंस म्हणजे बेअरलीच. तुझ्या पोटात तेव्हा ती गाठ वाढत होती, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

श्रावणात तुला कॅम्पातल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी तुला तपासलं, टांग्यातून परत पाठवलं आणि मला थांबवून घेतलं. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी सांगितलं. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी माझ्याकडं नीट बघून सांगितलं, 'शी कॅन हार्डली लास्ट सिक्स वीक्स.' वरती असंही म्हणाल्या, की शेवटचे दिवस शुद्ध राहणार नाही, काय बोलायचं ते आधी बोलून घ्या. एकही शब्द मला अडला नाही. सगळे तूच शिकवलेले होते.

मी चालत वडगावला आलो. वाटेत दहा वेळा ते वाक्य म्हणून पाहिलं. दारात आलो तर तू आंघोळ करून, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून बसली होतीस. वह्या बांधून बाजूला ठेवलेल्या. आक्का, तू तयार होऊन बसली होतीस. मला ते दिसलं आणि दिसूनही मी जे केलं ते केलं.

"बाई काय म्हणाल्या? त्यांचं वाक्य सांग."

मी म्हणालो, "शी सेड, यू कुड बी अप बाय दिवाळी."

तू माझ्याकडं बघितलंस. "त्यांचंच वाक्य?"

"व्हय."

"शब्दाला शब्द?"

"शब्दाला शब्द, आक्का."

तुझा चेहरा सैल झाला. तू हसलीस. म्हणालीस, मग बसून काय करू, त्या वह्या सोड बघू, सहामाहीच्या आधी तपासून होतील. मी गाठ सोडली. गाठ सुटेना, तर तूच सोडलीस. पुढं चार आठवडे तू उशीला टेकून वह्या तपासत होतीस. जाणतेपणी निरोप घ्यायला तुझ्यापाशी जेवढे दिवस होते, तेवढे सगळे मी तुला पोरींच्या चुका काढण्यात घालवायला लावले.

मी का केलं, हे मी स्वतःला अकरा दिवस विचारतोय. माया म्हणून, असं म्हणवत नाही. तुझा चेहरा पडलेला मला बघवला नसता, एवढंच. माझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून मी तुझं मरण तुझ्यापासून चोरलं. आणि मराठीत बोललो असतो तर तुला लगेच कळलं असतं. मी इंग्रजीत बोललो म्हणून तू मानलंस. हे मला सहन होत नाही.

त्यानंतरही वेळ होता. भाद्रपदात क्षमावणी आली. आव्वा निपाणीहून आली होती. रीतीप्रमाणं सगळ्यांनी एकमेकांपुढं हात जोडले, वर्षभरात चुकलं असेल त्याची क्षमा करा. मी तुझ्यापुढं हात जोडले. तू अंथरुणातून तशीच थट्टेनं म्हणालीस, "कशाची क्षमा? घोळक्यात मागितलेली मी देत न्हाय. एकेक चूक सांगून माग." आव्वा पलीकडं तांदूळ निवडत होती. तू वाट बघत होतीस. एक वाक्य बोललो असतो तर अजून आठवडा होता, तू शुद्धीत होतीस, उपाध्यांचं घर दोन गल्ल्यांवर होतं. मी म्हणालो, "कशाची असं न्हाय. रीत हाय म्हणून." तू हात उचलून माझ्या डोक्यावर टपली मारलीस आणि म्हणालीस, जा, दिली.

ती क्षमा मी मोजत नाही, आक्का. कशाची ते न सांगता घेतलेली होती.

पाचव्या आठवड्यात तू बोलायची थांबलीस. मी पळत जाऊन उपाध्यांना घेऊन आलो. ते तुझ्याजवळ बसले, तुला तीनदा हाक मारली. तू डोळे उघडले नाहीस. मी म्हणालो, हिची इच्छा होती, मला सांगितलं होतं, मी हिच्या वतीनं मागतो. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तुझं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "बाळ, हे दुसऱ्यानं मागून चालत न्हाय. त्यांनी त्यांच्या तोंडानं मागाय पायजे. आधी का न्हाय बोलावलंस?" आव्वा मध्येच म्हणाली, "आधी तिला ठावंच न्हवतं की." त्यांनी माझ्याकडं बघितलं. तुझ्या कानात णमोकार म्हटला आणि निघून गेले. चार दिवसांनी तू गेलीस.

तुला शेवटी कळलं असेल, अशी मला आशा होती. तू हुशार होतीस, स्वतःच्या शरीरातलं तुला कळलं असेल, माझं खोटं तू ओळखून पोटात घातलं असशील. खोली आवरताना मी त्याचा पुरावा शोधत होतो. एखादी चिठ्ठी, वहीच्या मागं एखादी ओळ. मिळालं ते असं, की दिवाळीनंतरच्या सत्राचे धडे तू आठवडावार लिहून ठेवले होतेस. मार्चपर्यंतचे. अक्षर शेवटी शेवटी ओळीखाली घसरलंय, पण आठवडे सुटलेले नाहीत. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. पूर्ण ठेवलास.

आव्वा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "चांगलं झालं, माझ्या लेकराला कळलं न्हाय. आशेवर गेली." हे दहा दिवस ऐकलं आणि काल सकाळी चुलीपुढं बसून मी तिला सगळं सांगितलं. मागच्या दाराचं बोलणं, डॉक्टरीणबाईंचं वाक्य, माझं वाक्य. मला वाटलं ती म्हणेल, योग्य केलंस. तिनं ते म्हणावं म्हणूनच मी सांगत होतो की काय, कोण जाणे. तिनं भाकरी थापायची थांबवली. तव्यावरची करपली तरी उलथली नाही.

आज सकाळी बस्तीतून आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "नेमू, माझं बी वय झालंय. माझी येळ आली म्हंजे मला सांगशील न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय आव्वा. सांगीन की."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. तूच बघत होतीस असं वाटलं मला. मग तिनं चपला काढल्या, आत गेली, आणि आतूनच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी उपाध्यांनाच सांगून आलोय."